चारशेवीस

“चारशेवीस!” तांबोळीमामा मशीनच्या मागून ओरडले आणि आम्ही दोघंही हसलो.

काँक्रीटचा ठोकळा मशीनच्या जबड्यात ठेवायचा आणि वरून दाब वाढवत न्यायचा. ठोकळा फुटला की काळा काटा मागे फिरतो, लाल काटा मात्र जिथल्या तिथे अडकून राहतो. तो आकडा म्हणजे त्या ठोकळ्याने सोसलेला सगळ्यात मोठा भार. तांबोळीमामा लॅबचे मेकॅनिक. काटा ते वाचायचे आणि आकडा मी रजिस्टरमध्ये लिहायची.

“माझ्या मशीनला पण शेवटी चारशेवीस ठरवलं या ठोकळ्याने,” मामा म्हणाले. “लिहिलंस का?”

“लिहिलं.”

“पुढचा दे. बारा वाजत आलेत. चाचणी आहे म्हणालीस ना?”

चाचणी होती, साडेबाराला, भूकंपाच्या विषयाची. उरलेले दोन ठोकळे आम्ही उरकलेच म्हणायचे. “चारशे तीस!” “चारशे दहा!” मी लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली, रजिस्टर सेल्वीअक्काच्या टेबलावर ठेवलं आणि पळत सुटले.

ही जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सरकारी विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात शेवटच्या वर्षाला होते. पाटोद्याहून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, पहिलं वर्ष वर्गात तोंड न उघडता काढलेली मुलगी. आता तोंड उघडायला लागले होते, आणि एकदा उघडलं की मिटत नाही अशी माझी ख्याती झाली होती.

सेल्वीअक्का म्हणजे तमिळसेल्वी. मदुराईकडची, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिच्याच कामाचा एक तुकडा होता, त्यामुळे मी तिची हक्काची हमाल होते. तिला अक्का म्हणायला मला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि तिच्याकडेही, एवढं कळल्यावर दोघींचं काम सोपं झालं. तिचं मराठी हॉस्टेलच्या मेसमधल्या मावश्यांनी घडवलेलं. त्यात शिव्या बिनचूक होत्या आणि लिंगं सगळी चुकलेली.

साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळतात. त्याची राख ढिगांनी पडून असते. ती राख थोड्या सिमेंटच्या जागी वापरता येईल का, आणि किती घातली की काँक्रीट हात टेकतं, हा अक्काचा विषय. दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के. सगळा जीव तिचा तीस टक्क्यांवर. त्यासाठी तिने राख गिरणीत दोन तास जास्त दळली होती, अगदी मैद्यासारखी. आमचे मार्गदर्शक सबनीस सर म्हणायचे, “तीस टक्क्यांना काँक्रीट नाही होत, रांगोळी होते.” अक्का राख दळत राहायची.

आणि नेमके ते तीस टक्क्यांचे ठोकळे फोडायच्या दिवशी तिला ताप आला. म्हणून मी आणि मामा.

चार दिवसांनी ती लॅबमध्ये आली, रजिस्टर उघडलं आणि किंचाळली. साध्या काँक्रीटचे ठोकळे सहाशे चाळीसच्या आसपास फुटले होते. तीस टक्के राखेचे आठशे वीस, आठशे तीस, आठशे नव्वद! ती रजिस्टर छातीशी धरून सरांच्या खोलीकडे धावली आणि आकडे तिनेच त्यांना वाचून दाखवले. सरांना हसताना विभागात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं, आणि चहा येईपर्यंत दोनदा म्हणाले, “मी चुकलो होतो.” दिल्लीच्या परिषदेला निबंधाचा गोषवारा त्याच आठवड्यात गेला.

मला का नाही आठवलं? हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. ठोकळ्यांवर नुसती सांकेतिक अक्षरं होती, कुठला किती टक्क्यांचा ते मी पाहिलंही नव्हतं, आणि माझ्या डोक्यात त्या दुपारी भूकंप चालू होता. वर सर मला जिन्यात थांबवून म्हणाले, “ढाकणे, एम.टेक.चा अर्ज भरा. पुढचं काम इथेच करा.” त्यानंतर दोन दिवस मी जमिनीवर चालतच नव्हते. माझ्या घरातलं कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मला विद्यापीठ राहा म्हणत होतं.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. अक्काने सादरीकरणासाठी केलेला मोठा आलेख लॅबच्या भिंतीवर लावला होता. मामा मशीन पुसता पुसता त्याच्यासमोर थांबले.

“हा उंच गेलेला कुठला गं?”

“तीस टक्क्यांचा, मामा. आपण दोघांनी फोडला तो. अक्काला ताप होता तेव्हा.”

“तो?” मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. “शक्य नाही.”

“शक्य नाही म्हणजे?”

“अगं, आठशेचा ठोकळा फुटला तर खिडक्यांच्या काचा हलतात. तो तर शिळ्या भाकरीसारखा बसला खाली. आणि चारशेवीस निघालं म्हणून आपण हसलो नव्हतो का?”

हसलो होतो. मी कपाटातून रजिस्टर काढलं, पान शोधलं. माझंच अक्षर, माझीच सही. ४२०, ४३०, ४१०.

माझी आई गावात बालवाडी चालवायची. आकडे मी तिच्याकडे शिकले, पाढे तिच्याकडे पाठ केले. इंजिनिअरिंगचं सगळं इंग्रजीत करायची सवय मी हाताला लावली होती, पण आकडा कानावर मराठीत पडला आणि घाई असली की हात आईचं ऐकायचा. मामा मराठीत ओरडले, मी मराठीत लिहिलं. त्यात एखादा मराठी पाच किंवा सहा पडला असता तर अक्काला लगेच शंका आली असती. पण दोन, तीन आणि शून्य दोन्हीकडे सारखेच दिसतात. मराठी चार तेवढा इंग्रजी आठासारखा आणि एक नवासारखा. जिने मराठी अक्षर कधी गिरवलं नाही तिने दुसरं काय वाचायचं? तिला आठशे हवे होते, आणि तिला आठशे दिसले.

“मामा, आता?”

“मी मशीनवाला,” मामा म्हणाले. “काटा मी सांगितला. पुढचं तुझं तू बघ. मी कुणाला काही बोलणार नाही, ते मात्र नक्की.”

म्हणजे मी गप्प राहिले असते तर हे कुणालाही कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, लॅबपासून फाटकापर्यंत मी त्या विचाराला चांगलं सोबतीला घेऊन चालले. पण फाटकाशी येईपर्यंत माझा दुसराच हिशेब सुरू झाला होता. अक्काची नोंदणी एकतीस मार्चला संपत होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसऱ्यांदा मिळत नसे. एकोणतीसला समितीसमोर सादरीकरण. काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला अठ्ठावीस दिवस लागतात आणि त्याला कुणाची घाई कळत नाही. उद्या, सत्तावीस फेब्रुवारीला ठोकळे भरले तर सत्तावीस मार्चला फुटतील. सोमवारी सांगितलं तर ठोकळे भरायला मंगळवार उजाडणार, ते फुटणार थेट सादरीकरणाच्या दिवशी, आणि पाच वर्षांचे तीन तेरा. मला सांगायचं असेल तर ते त्याच दुपारी सांगायला हवं होतं.

ती फाटकासमोरच्या टायपिंगच्या दुकानात सापडली. प्रबंधाचं पाचवं प्रकरण टाइप होत होतं. ती शेजारी स्टुलावर बसून टाइप करणाऱ्या भाऊंना आकडे सांगत होती.

“अक्का, तीस टक्क्यांचे आकडे चुकलेत.”

“कोणता आकडा?”

“तिन्ही.” मी रजिस्टर तिच्या मांडीवर उघडलं. “हा आठ नाही. हा चार आहे. मराठी चार.”

ती वाकली. तिचं बोट हळूहळू पुढे सरकलं. “आणि हा? नऊ?”

“एक.”

भाऊंचा टाइपरायटर थांबला. अक्का मान वर करून म्हणाली, “उर्मिला, तू इंजिनिअर आहे की बालवाडी आहे?”

“माझी आई बालवाडीत शिकवते,” मी म्हणाले. असं का म्हणाले कोण जाणे. ते काही उत्तर नव्हतं.

तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती भाऊंशी बोलत होती. “भाऊ, पान काढा.”

“अहो ताई, पाच कार्बन लावलेत!”

“काढा.” मग माझ्याकडे न बघता, “दळलेला राख किती आहे?”

“अर्धं पोतं.”

“उद्या रविवार. लॅब बंद.”

“मी मामांना विचारते.”

विचारावं लागलंच नाही. मी त्यांच्या क्वार्टरवर पोचले तेव्हा मामांनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच खिशातली लॅबची किल्ली चाचपली. “सकाळी आठला,” म्हणाले. “डबा घेऊन या. मधे सोडणार नाही.”

तो रविवार मी विसरणार नाही. अक्का माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. राख तिने स्वतः चाळली, स्वतः तोलली. मी साच्यांना तेल लावलं. मी पाणी मोजून दिलं की ती ते परत मोजायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला रडू फुटलं. मामा तिथून नुसते म्हणाले, “पोरी, माल घट्ट होतोय.” मग मी रडत रडत साचे भरले. तीन थर, दर थराला सळईचे पस्तीस ठोसे. ठोसे मी मनात मोजत होते, अर्थात मराठीत.

सोमवारी ती सरांच्या खोलीत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नसे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं, आणि सर ओरडायला लागल्यावर तर मैदानातही ऐकू गेलं असेल.

“गोषवारा गेला आहे! मी पत्र लिहून काय कळवू, आम्हाला आकडे वाचता येत नाहीत म्हणून? कुणाची चूक आहे ही?”

“वाचायचा चूक झाला, सर.”

“लिहिलं कुणी?”

“लॅबचा रजिस्टर आहे, सर. लॅबमध्ये लिहिला.”

“नाव विचारतोय मी. ज्याने हे लिहिलं त्याला परत माझ्या लॅबमध्ये पाऊल ठेवू देणार नाही.”

बाहेर माझी पाचावर धारण बसलेली. मला उठून आत जायचं होतं. दाराला हात लावून “सर, मी” म्हणायचं होतं, एवढंच. एम.टेक.चा अर्ज माझ्या पिशवीत होता, भरलेला, सरांच्या सहीची जागा तेवढी रिकामी. मी उठले नाही.

“मी नीट वाचलं नाही, सर,” अक्का आत म्हणाली. “पुढे मी बघते.”

ती बाहेर आली, मला बाकावर पाहिलं आणि पुढे निघून गेली. मी तिच्या मागे गेले. जिन्याच्या वळणावर ती थांबली.

“तुझा आई खरंच बालवाडी शिकवते?”

“हो.”

“मग मी वाईट बोलली.” तिने पिशवीतून वही काढून माझ्यासमोर धरली. “लिही. एक ते दहा. मला शिकव.”

पुढचे अठ्ठावीस दिवस ठोकळे पाण्याच्या टाकीत बसून होते आणि आम्ही टाकीच्या कठड्यावर. काँक्रीटला पाण्यातच ताकद येते, त्याला नुसतं राहू द्यावं लागतं. अक्का आकडे गिरवायची. पाचाने तिला फार छळलं, आणि सहाचं तोंड कुठल्या बाजूला ते तिला शेवटपर्यंत पक्कं झालं नाही. “तुमचा सहा उलटा बसला आहे,” ती म्हणायची, “कोणावर रागावला आहे?” मी हसायची आणि हसताना मला लाज वाटायची. ती मला एकदाही म्हणाली नाही की सरांना जाऊन सांग. म्हणाली असती तर मी गेले असते. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली होती.

सत्तावीस मार्चही रविवारच. मामा मशीनशी, मी ठोकळे पुसून देणारी, आणि लिहायला अक्का स्वतः. खरं सांगायचं तर आम्हा तिघांच्याही मनात एक वेडी आशा होती. कदाचित त्या दिवशी मामांचे कान चुकले असतील. कदाचित या वेळी खिडक्या हलतील.

पहिला ठोकळा गुपचूप बसला.

“चारशे पंचवीस,” मामा अगदी हळू म्हणाले. मग, “चारशे पंधरा.” मग, “चारशे तीस.”

अक्काने लिहून घेतलं, टोपण लावलं, आणि फुटलेल्या ठोकळ्याचा एक तुकडा हातात घेऊन बोटांनी चुरला. तो चुरला गेला. “रांगोळी,” ती म्हणाली. पाच वर्षांतला तिचा सगळ्यात लाडका भाग त्या दिवशी संपला, आणि तो पाहायला आम्ही दोघंच होतो. मामांनी डब्यातली पोळी तिच्या हातावर ठेवली. ती तिथे उभ्याउभ्याच तिने खाल्ली.

मंगळवारी विभागाचं सभागृह भरलं होतं. समितीचे चार जण पुढे बसले होते, त्यात बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या कामेरकर बाई. मी शेवटच्या रांगेत होते. मामाही आले होते, धुतलेला शर्ट घालून. अक्का चांगली बोलली. दहा टक्क्यांना काँक्रीट टिकतं, वीसलाही चालून जातं, तीसला कोसळतं. कुठे कोसळतं ते नेमकं सांगता येणं हेही उत्तरच, असं तिने सांगितलं, आणि मला वाटलं, आता संपलं. सुटलो.

कामेरकर बाईंनी चष्मा काढला. “बाकीचे सगळे ठोकळे जानेवारीत फोडलेत. तीस टक्क्यांचे तेवढे परवा. असं का?”

सरांनी टेबलाकडे बघायला सुरुवात केली. अक्काला सांगायला शंभर कारणं होती. साचे खराब निघाले, नमुने पडून तडकले, काहीही. लोक तेच सांगतात आणि समित्याही मान डोलावतात.

तिने एक पारदर्शक फिल्म उचलून प्रोजेक्टरवर ठेवली. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माझं अक्षर आलं, हातभर उंचीचं. ४२०, ४३०, ४१०. खाली तारीख. खाली माझी सही, घाईतली, शेपूट ओढलेली.

“हे जानेवारीतलं पान,” अक्का इंग्रजीत म्हणाली. “ही नोंद मराठी आकड्यांत आहे. मी या राज्यात पाच वर्षं राहिले, इथलं जेवले, इथे शिकले, आणि मला इथला चार वाचता येत नव्हता. मी त्याला आठ समजले. नोंद बरोबर होती. चुकली ती वाचणारी.”

तिने दुसरी फिल्म पहिलीच्या शेजारी सरकवली. चारशे पंचवीस, चारशे पंधरा, चारशे तीस.

“परवाचे आकडे जानेवारीच्या आकड्यांशी जुळतात. म्हणून जानेवारीची नोंद मी रद्द केलेली नाही. प्रबंधात मी तीन ठोकळे धरत नाही. सहा धरते.”

मला ते शब्द कळायला थोडा वेळ लागला. महिनाभर मी त्या पानाला माझा गुन्हा समजत होते. ते फाडून टाकावं असं मला कितीदा वाटलं होतं. आणि तिने त्याचा पुरावा केला होता. मला वाचवायचं म्हणून खोटं बोलून नव्हे, तर जे होतं तेच भर सभेत सांगून.

मी उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप सरळ झाले.

“सर, ते मी लिहिलं. उर्मिला ढाकणे, शेवटचं वर्ष. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी बाहेर बसले होते. मी आत यायला हवं होतं. आले नाही.”

सगळ्या माना मागे वळल्या. सबनीस सर माझ्याकडे पाहत राहिले, मग भिंतीवरच्या त्या पानाकडे, मग परत माझ्याकडे. मी मनातल्या मनात लॅबचा निरोप घेऊन टाकला.

“तारीख आहे पानावर?” त्यांनी विचारलं.

“आहे, सर.”

“सही तुमचीच?”

“माझीच.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. “नोंद ग्राह्य,” ते म्हणाले. “बसा, ढाकणे. आणि जाताना अर्ज घेऊन या, त्यावर माझी सही राहिली आहे.”

मी बसले. पुढे प्रोजेक्टरशी सेल्वीअक्का उभी होती. ती हसली नाही, मानसुद्धा हलवली नाही. भिंतीवरचं माझं पान तिने तसंच राहू दिलं, आणि कामेरकर बाईंकडे वळून म्हणाली, “पुढचा प्रश्न, मॅडम.”